लॉग मेसेजमधली विरामचिन्हं एका शिस्तीत आणताना

आमच्या सिस्टिममधल्या लॉग मेसेजना (प्रोग्रॅम चालताना काय घडलं ते नोंदणाऱ्या ओळींना) एक शिस्त लावायचं काम मी मागून घेतलं. ऑन-कॉलच्या (बिघाड झाला तर धावून जायच्या) पाळीत लॉग वाचत बसावं लागतं तेव्हा एकेक चिन्ह किती आडवं येतं, हे वारंवार दिसत होतं आणि ते कुणीतरी नीट बसून सोडवायला हवं होतं. एकाच घटनेबद्दल आमच्या वेगवेगळ्या सर्व्हिस (सिस्टिमचे स्वतंत्र चालणारे भाग) काय लिहीत होत्या ते पाहा. (मूळ ओळी इंग्रजीत आहेत, इथे देवनागरीत उतरवते आहे, चिन्हं मात्र जशीच्या तशी.)

कनेक्शन फेल्ड
कनेक्शन फेल्ड.
कनेक्शन फेल्ड!!
कनेक्शन फेल्ड...
* कनेक्शन फेल्ड *

घटना एक, रूपं पाच. ओळीच्या शेवटापर्यंत जुळणारा शोध टाकला की यातली एकच ओळ सापडते आणि बाकीच्या ठिकाणी सगळं ठीक आहे असं वाटतं.

सुरुवात मोजदादीने केली. लॉगिंगच्या प्रत्येक कॉलमधली अक्षरमाला बाहेर काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि सगळी यादी शेवटच्या अक्षरानुसार लावली. अशी उलटी लावलेली यादी फार बोलकी असते. निम्म्याच्या आसपास मेसेज पूर्णविरामाने संपत होते, बाकीचे बरेचसे काहीच न लावता. मधे उद्गारचिन्हांचा एक पट्टा, तीन टिंबांचा एक पट्टा, आणि शेवटी मोकळी जागा किंवा नवी ओळ घेऊन संपणारे मेसेज. हे शेवटचे डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून ते सगळ्यात त्रासदायक. कोणत्या सर्व्हिसमध्ये काय चालतं यापेक्षा कुणी लिहिलं यावर शैली ठरत होती. एकाच फाइलमध्ये या सगळ्या पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या.

यादी टीमसमोर ठेवल्यावर पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, यावर वेळ कशाला घालवायचा? एका सहकाऱ्याचं म्हणणं मात्र विचार करायला लावणारं होतं. वाक्य पूर्ण असेल तर पूर्णविराम हवाच, नाहीतर मेसेज मधेच तुटलाय की संपलाय हे कसं कळणार, असं तो म्हणत होता. मुद्दा खरा आहे. परिच्छेदात एका वाक्यानंतर दुसरं येतं, तिथे पूर्णविराम हद्द आखतो. लॉगमध्ये ती हद्द ओळ संपण्याने आखली जाते. त्यामुळे ओळीच्या शेवटी पूर्णविरामाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं चिन्ह शेजारच्या मजकुराला चिकटतं.

ते कसं चिकटतं हे त्याला आमच्याच लॉगमधून दाखवलं. एका ओळीत होतं: फाइल नॉट फाउंड: /डेटा/इनपुट/ऑर्डर्स.सीएसव्ही. शेवटचा पूर्णविराम वाक्याचा की फाइलच्या नावाचा? ओळीतून फाइलचा पाथ (ती कुठे आहे तो पत्ता) उचलून टर्मिनलमध्ये टाकला की तो पूर्णविराम सोबत येतो आणि अशी फाइल नाही असं उत्तर मिळतं. लॉगमध्येही 'फाइल नाही', टर्मिनलमध्येही 'फाइल नाही', म्हणून माणूस निश्चिंत होऊन चुकीच्या दिशेला निघतो. फाइल मात्र तिथेच असते, अडचण परवानगीची असते. दुसरी ओळ आणखी साधी: रिट्राय=३. आमचा पार्सर (ओळीतून किमती वेगळ्या काढणारा प्रोग्रॅम) बरोबरीच्या चिन्हानंतर मोकळ्या जागेपर्यंतचं सगळं किंमत म्हणून उचलायचा. त्याच्या हाती 'टिंब लागलेले तीन' यायचे, ते आकडा म्हणून बसायचे नाहीत, आणि रिट्रायच्या (पुन्हा केलेल्या प्रयत्नांच्या) आलेखातून त्या नोंदी गळायच्या. ही ओळ पाहिल्यावर सहकाऱ्याचा विरोध मावळला, आणि पुढे नियमांचा पहिला मसुदा त्यानेच माझ्यासोबत बसून लिहिला.

मसुद्याआधी आम्ही दुसऱ्यांनी काय ठरवलंय ते वाचलं. हा टप्पा मला फार आवडला. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दस्तऐवजांत एरर मेसेजच्या शैलीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मन लावून लिहिलेलं आहे. तिथे मेसेजचे थर पाडले आहेत. मुख्य मेसेज लहान अक्षराने सुरू होतो आणि त्याला पूर्णविराम नसतो. तपशील आणि सूचना हे दोन थर मात्र पूर्ण वाक्यांत, मोठ्या अक्षराने सुरू करून पूर्णविरामाने संपवायचे असतात. म्हणजे पूर्णविराम लावायचा की नाही हे मजकुराच्या कामावरून ठरतं. शेवटी उद्गारचिन्ह लावायला तर तिथे स्पष्ट मनाई आहे. 'कुड नॉट' आणि 'कॅनॉट' यांतला भेदही त्यांनी नेमका केलाय: आत्ता जमलं नाही पण पुढच्या वेळी जमू शकेल तिथे पहिलं, कधीच जमणार नाही तिथे दुसरं. हा भेद आम्ही जसाच्या तसा उचलला.

गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कोड रिव्ह्यूविषयक टिपांमध्ये एरर लहान अक्षराने सुरू करा आणि शेवटी विरामचिन्ह देऊ नका असं सांगितलंय, कारण एररचा मजकूर सहसा दुसऱ्या मजकुराच्या मागे जोडून छापला जातो. हा नियम लॉगिंगला लागू नाही, कारण लॉग ओळीगणिक वेगळा असतो, असंही तिथेच म्हटलंय. हा अपवाद बरेचजण वाचतच नाहीत. लिनक्स कर्नलच्या शैलीमार्गदर्शकात मेसेजच्या शेवटी पूर्णविरामाची गरज नाही, आकडे कंसात छापल्याने काही साधत नाही, आणि छापला जाणारा मजकूर कोडमध्ये दोन ओळींत तोडू नका, कारण मग तो ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला) सापडत नाही, असं लिहिलंय. सेरीलॉग या लॉगिंग लायब्ररीचं मार्गदर्शन तर एका ओळीत विषय संपवतं: लॉगचे मेसेज वाक्यं नसून वाक्यखंड असतात, तेव्हा शेवटचा पूर्णविराम शक्यतो टाळा.

उलट बाजूचं उदाहरण सिस्टमडीचं, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचं. तिथे सर्व्हिस सुरू होऊ लागली की 'स्टार्टिंग' ने सुरू होणारी ओळ तीन टिंबांनी संपते, आणि सुरू झाली की 'स्टार्टेड' ची ओळ पूर्णविरामाने. तीन टिंबं म्हणजे काम चालू, एक टिंब म्हणजे झालं. सगळीकडे हे इतकं काटेकोर पाळलंय की पूर्णविरामाला खरोखर अर्थ आलाय. आम्हालाही ते करता आलं असतं, पण तीन टिंबांना आमच्याकडे आधीच दुसरं काम होतं: लांबलचक किंमत कापली की आमची लायब्ररी तिथे तीन टिंबं टाकते. एकाच खुणेचे दोन अर्थ झाले तर वाचणारा अडखळणारच. म्हणून टिंबं फक्त कापलेल्या मजकुरासाठी राखली, आणि काम चालू की संपलं हे क्रियापदावर सोडलं.

यानंतर कोलन. कोलनचं काम आम्ही एकच ठेवलं: डावीकडे काय जमलं नाही, उजवीकडे का जमलं नाही. कोलनच्या आधी जागा नाही, नंतर एक जागा. एरर कोडच्या थराथरातून वर येतो तेव्हा अशी साखळी तयार होते:

कुड नॉट स्टार्ट वर्कर: कुड नॉट लोड कॉन्फिग: ओपन "/ईटीसी/वर्कर.कॉन्फ": परमिशन डिनाइड

डावीकडून वाचत गेलं की मोठ्या कामापासून मूळ कारणापर्यंत माणूस एका दमात पोचतो. आमची जुनी साखळी मात्र अशी होती: 'वर्कर स्टार्ट फेल्ड!: एरर इन कॉन्फिग. - परमिशन डिनाइड., ओपन /ईटीसी/वर्कर.कॉन्फ'. प्रत्येक थराने आपापल्या सवयीचं चिन्ह जोडलेलं, त्यामुळे कशामुळे काय झालं याचा क्रमच हरवायचा. गोसाठी स्टॅटिकचेक या साधनात एररच्या मजकुराची ही तपासणी एसटी१००५ या नावाने तयारच मिळते. ती चालू केली आणि साखळ्या बऱ्याचशा सरळ झाल्या.

कोलनची एक अडचण मात्र राहते. तो किमतींमध्येही येतो. वेळेत येतो, आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या यंत्राच्या) पत्त्यात तर जागोजागी येतो. पत्त्यापुढे पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा क्रमांक) तसंच जोडलं तर पत्ता कुठे संपला आणि पोर्ट कुठे सुरू झालं हे कळायला मार्ग नसतो; म्हणून पत्ता चौकटी कंसात घालायची जी पद्धत दुव्यांमध्ये आहे तीच लॉगमध्ये घेतली. बाकी किमतींसाठी अवतरणचिन्हं. मला विचाराल तर या साऱ्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही अवतरणचिन्हंच.

त्याचं एक उदाहरण सविस्तर सांगते. अहवाल तयार करणारं एक काम अधूनमधून अडायचं आणि लॉगमध्ये यायचं: टेम्प्लेट नॉट फाउंड: मंथली. डेटाबेसमध्ये पाहावं तर 'मंथली' नावाचं टेम्प्लेट आहे. कॅशेवर (तात्पुरत्या साठ्यावर) संशय घेऊन झाला, दोन सर्व्हरमधल्या तफावतीवर घेऊन झाला. शैलीच्या बदलात त्या ओळीतल्या किमतीला अवतरणचिन्हं लागली आणि पुढच्याच खेपेला ओळ आली: टेम्प्लेट नॉट फाउंड: "मंथली ". शेवटच्या अक्षरानंतर आणि बंद होणाऱ्या चिन्हाआधी एक मोकळी जागा होती. फॉर्ममध्ये कुणाकडून तरी स्पेसबार दाबला जात होता आणि तो काढून टाकायची सोय तिथे नव्हती. इतके दिवस ती जागा लॉगमध्ये छापली जातच होती, फक्त तिच्यापुढे कुंपण नव्हतं. रिकाम्या किमतीचंही तसंच. 'युजर नॉट फाउंड:' एवढंच छापलं की नाव छापायचं राहिलं की नावच रिकामं आलं हे कळत नाही. दोन अवतरणचिन्हं लागोपाठ दिसली की शंका उरत नाही. अपाचेच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये गैरहजर किमतीच्या जागी आडवी रेघ छापतात, तीही याच कारणासाठी: नाही हेसुद्धा नोंदलं गेलं पाहिजे.

चिन्हं हाताने लावायची नाहीत हे आम्ही लगेच ठरवलं. गोमध्ये %क्यू, पायथनमध्ये %आर अशी सोय आहे. ती किमतीभोवती चिन्हं तर लावतेच, शिवाय आतली नवी ओळ आणि तसली न दिसणारी अक्षरं पलटरेघ (बॅकस्लॅश) लावून उघडी करते. ते सुरक्षेसाठीही गरजेचं आहे. वापरकर्त्याने नावाच्या जागी नवी ओळ आणि त्यापुढे 'लॉगिन सक्सीडेड' असा मजकूर पाठवला, तर साध्या लॉगमध्ये ती खरीखुरी वेगळी नोंद दिसते. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या सीडब्ल्यूई या यादीत या प्रकाराला सीडब्ल्यूई-११७ हा क्रमांक आहे. चिन्हांची ताकद कुठवर जाते हे डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांनीच पाहिलं: लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीमध्ये डॉलर आणि महिरपी कंसात घातलेला मजकूर मेसेजमध्ये आला की तो नुसता छापला न जाता आज्ञेसारखा उलगडला जात होता, आणि ही त्रुटी (सीव्हीई-२०२१-४४२२८) निस्तरायला जगभरच्या टीम रात्री जागल्या.

सरळ आणि वाकड्या अवतरणचिन्हांचा घोळ वेगळाच. काही मेसेज दस्तऐवजातून उचलून कोडमध्ये आले होते आणि त्यांच्यासोबत वाकडी चिन्हं आली होती. कीबोर्डवरचं सरळ चिन्ह टाकून शोधलं की त्या ओळी सापडायच्या नाहीत. जीसीसी हा कंपायलर आपले संदेश यूटीएफ-८ वातावरणात वाकड्या चिन्हांनी छापतो आणि पडद्यावर ते छान दिसतं. पण आमच्या ओळी दिसण्यापेक्षा शोधण्यासाठी जास्त वापरल्या जातात, म्हणून सरळच. इंग्रजीतली 'कान्ट', 'डोन्ट' अशी लोपचिन्हाची (अपॉस्ट्रॉफीची) रूपंही काढली. एकेरी अवतरणात शोध टाकताना ते लोपचिन्ह मधेच अवतरण बंद करतं आणि शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) पुढच्या मजकुराची वाट पाहत बसतो.

चौकटी कंसांचा त्रास याच जातीचा. बऱ्याच मेसेजच्या आरंभी [डीबी], [ऑथ] असे कंस होते. ग्रेपला चौकटी कंस म्हणजे 'यांपैकी कुठलंही एक अक्षर', त्यामुळे [डीबी] शोधलं की जवळजवळ सगळा लॉगच समोर यायचा. शब्दशः शोधायचा पर्याय आहे, पण घाईत तो आठवत नाही. ते कंस काढून आम्ही घटकाचं नाव स्वतंत्र फील्डमध्ये नेलं. एक जुनी सर्व्हिस सिसलॉगने (लॉग पाठवायच्या एका जुन्या पद्धतीने) मेसेज पाठवायची, तेही टॅगशिवाय, म्हणजे सुरुवातीला प्रोग्रॅमचं नाव न देता. २००१ च्या आरएफसी ३१६४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) टॅग हा फक्त अक्षरं आणि आकडे यांचा, आणि पहिलं वेगळं चिन्ह आलं की तो संपतो, असं आहे. परिणामी 'वॉर्निंग: डिस्क ऑलमोस्ट फुल' अशा ओळीत 'वॉर्निंग' हेच प्रोग्रॅमचं नाव म्हणून नोंदलं जात होतं. तिथे टॅग जोडला.

वेळेच्या ठशातला स्वल्पविरामही याच फेरीत निघाला. पायथनचं लॉगिंग मूळ रूपात सेकंदांनंतर स्वल्पविराम देऊन मिलिसेकंद छापतं. आयएसओ ८६०१ ला स्वल्पविराम आणि टिंब दोन्ही चालतात, आरएफसी ३३३९ ला मात्र फक्त टिंब. आमच्या निर्यातीच्या फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामावर पडायचे, त्यामुळे वेळ दोन रकान्यांत फाटायची. टिंब केलं, विषय मिटला. उद्गारचिन्हांवर तर चर्चाही झाली नाही. गांभीर्य सांगायला प्रत्येक नोंदीला लेव्हल (माहिती, इशारा, एरर अशी पातळी) आहे.

नियम ठरवणं सोपं होतं. बदल करणं नाजूक. मेसेजच्या मजकुरावर किती गोष्टी टेकलेल्या असतात याची यादी कुणाकडेच नसते. म्हणून आधी अलर्टचे नियम, डॅशबोर्डचे शोध आणि आमच्या स्क्रिप्ट यांमधल्या सगळ्या अक्षरमाला गोळा केल्या आणि मेसेजच्या यादीशी ताडून पाहिल्या. एका अलर्टची अट 'फेल्ड' नंतर टिंब आणि लगेच ओळीचा शेवट अशी होती. पूर्णविराम काढला असता तर तो अलर्ट कायमचा गप्प झाला असता, आणि अलर्ट गप्प आहे याचा अलर्ट येत नाही. अशा अटी आधी सैल केल्या, मग मेसेजला हात लावला. तरी चाचणीच्या वातावरणात शेजारच्या टीमचा एक आलेख शून्यावर आला, कारण त्यांचा शोध त्यांच्याच कोडमध्ये होता. त्यांनी लगेच कळवलं म्हणून ते प्रॉडक्शनपर्यंत गेलं नाही. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसची जुनी-नवी मेसेज जोडी रिलीजआधी सगळ्या टीमना पाठवायचा पायंडा पडला.

आणखी एक परिणाम आधीच सांगून ठेवावा लागला. आमचं एरर गोळा करणारं साधन मेसेजच्या मजकुरावरून गट पाडतं. टिंब गेलं की मजकूर बदलतो आणि जुनाच एरर नवा म्हणून उगवतो. रिलीजच्या दिवशी नव्या एररची रांग पाहून कुणी दचकू नये म्हणून ऑन-कॉलच्या नोंदवहीत ते लिहून ठेवलं.

क्रमाबद्दलही एक ठरवलं होतं: आधी नळ बंद करायचा, मग फरशी पुसायची. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये) तपासणी बसवली, पण फक्त बदललेल्या ओळींवर. शेवटचं विरामचिन्ह, वाकडी अवतरणं, मेसेजच्या आतली नवी ओळ, शेवटची मोकळी जागा एवढंच ती बघते. किंमत अवतरणात हवी की नको हे तिला कळत नाही. ते रिव्ह्यूमध्येच पाहावं लागतं. जुने मेसेज सर्व्हिसमागून सर्व्हिस घेतले आणि अशा पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीसाठी मांडलेल्या बदलात) चिन्हांशिवाय दुसरं काहीही बदलायचं नाही हे पाळलं. ब्लेममध्ये (कोणती ओळ कुणी, कोणत्या बदलात लिहिली हे दाखवणाऱ्या गिटच्या सोयीत) सगळीकडे हेच कमिट (नोंदवलेला बदल) दिसेल ही रिव्ह्यू करणाऱ्यांची तक्रार रास्त होती. २०१९ मधल्या गिट २.२३ पासून ठरावीक कमिट ब्लेममधून वगळता येतात. त्यांची यादी रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवली.

पूर्णविराम सगळीकडून गेला असं मात्र नाही. काही नोंदी ग्राहकांच्या ऑडिट पानावर दिसतात. त्या वाचणारा माणूस शोध टाकत नाही, पार्सर चालवत नाही, शांतपणे वाचतो, आणि तिथे कधीकधी दोन-तीन वाक्यं असतात. पोस्टग्रेसच्या तपशिलाच्या थरासारखं आम्ही तिथे पूर्ण वाक्यं आणि पूर्णविराम ठेवले. बाहेरच्या लायब्ररींचे मेसेजही जसेच्या तसे सोडले. त्यांचा मजकूर तसाच राहिला तर त्यांच्या दस्तऐवजांत तो शोधता येतो.

अजून रात्रीच्या बॅच कामांचे मेसेज शिल्लक आहेत. दुसऱ्या टीमची एक स्क्रिप्ट ते स्वल्पविरामांवर तोडून आकडे काढते, त्यामुळे तिथला एकही स्वल्पविराम सध्या हलवता येत नाही. त्याच ओळींमध्ये आकड्यांची स्वतंत्र फील्ड जोडून दिली आहेत. ती टीम त्यांच्यावर सरकली की जुना मजकूर बदलायला घेऊ.